जाळीतली राणीमाशी

एकदा एक शिष्या खरे बोलायला शिकली. ते कसे बोलावे, हे मात्र शिकायचे राहून गेले. घाटमाथ्यावरच्या गावात एका वृद्ध डॉक्टरबाईंच्या हाताखाली ती काम करत असे. एके सकाळी एक गर्भवती आली. आधीचे दोन गर्भ टिकले नव्हते, हा तिसरा. शहरातले तपासणीचे कागद वाचून शिष्या म्हणाली, "तुमची प्रतिकारशक्तीच बाळावर उठली आहे."

गर्भवतीचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे मीच खाल्लं माझ्या लेकरांना?"

शिष्येला बोलल्याचा फार पस्तावा झाला.

डॉक्टरबाई दोघींना परसात घेऊन गेल्या. तिथल्या मधपेटीतली राणीमाशी मेली होती. नवी आणलेली राणी जाळीच्या डबीत होती. बाईंनी डबीचे तोंड साखरेच्या लगद्याने लिंपले आणि डबी पेटीत ठेवली. क्षणात माशा जाळीवर तुटून पडल्या.

"मारतील हो तिला!" पायरीवरून गर्भवती कळवळली.

"आज सोडली तर मारतील. शहरातल्या डॉक्टरांच्या गोळ्या चुकवू नका, आणि चार दिवसांनी या." एवढेच बोलून बाई हात धुवायला गेल्या. धीराचा एक शब्द नाही म्हणून शिष्या मनातून चरफडली.

चार दिवसांनी गर्भवती परत येऊन पायरीवर बसली. पेटी उघडली तेव्हा माशांनी साखर खाऊन संपवली होती आणि राणी मोकळी फिरत होती. त्याच माशा तिला भरवत होत्या.

पायरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात बाई शिष्येला म्हणाल्या, "या दुष्ट नव्हत्या गं. वास परका, म्हणून धावून गेल्या. साखर खाता खाता तो ओळखीचा झाला. बाळही अर्धं बापाचं, त्यामुळे आईच्या शरीरातल्या पहारेकऱ्यांना नवखंच. बहुतेकदा ते त्याला सांभाळून घेतात, त्याच्याकडे रक्त जायच्या वाटासुद्धा रुंद करतात. कधी गोंधळ होतो. मग गर्भ टिकत नाही, नाहीतर आईचा रक्तदाब चढतो. पण म्हणून पहारेकऱ्यांना हाकलून चालत नाही, कुठलाही आजार घरात शिरेल. त्यांना शांत करायचं नि आपण लक्ष ठेवायचं. दर वेळी यश येईलच असं नाही. पण दोष तिचा कधीच नाही."

"हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

"त्या दिवशी तिला ऐकू आलं नसतं."

शिष्या पायरीकडे गेली. "ताई, माझं चुकलं."

गर्भवती पोटावर हात ठेवून पेटीकडे पाहत होती. "दोन वर्षं मी माझ्याच अंगावर चिडून आहे," ती म्हणाली. "घास धड गिळला नाही." मग जरा लाजून तिने विचारले, "भाकरी आहे का हो घरात?"

शिष्येने त्या दिवशी औषधाच्या आधी ताट वाढले.