विसाजीच्या अंगावरच्या रेघा

"हे कुणाचं शरीर काढलंस, विसाजी?"

"माझंच, बुवा."

"नीट बघून सांग."

विसाजीनं मान खाली घातली. उघड्या अंगावर कावेच्या ओल्या लाल रेघा होत्या. छातीत डावीकडे हृदय. उजव्या बरगड्यांखाली यकृत. डावीकडे जठर, आणि त्याच्या कुशीला पाणथरी, म्हणजे प्लीहा. एक रेघ वाकडी असेल तर शपथ.

भानुबुवांच्या मठात दूरदूरचे रोगी यायचे. मठाची रीत अशी की शिष्यानं रोग्याला हात लावण्याआधी स्वतःच्या अंगावर आतला सगळा संसार काढून दाखवायचा. तोही पोथी मिटून, रिकाम्या पोटी. बोटानं ठोकत जायचं, कुठं भरीव वाजतं, कुठं पोकळ, धडधड कुठं लागते ते बघायचं आणि तिथंच काव लावायची. मग बुवा स्वतः ठोकून बघत. बरोबर निघालं की शिष्याला छातीशी धरत. तीच परवानगी.

या दिवसासाठी विसाजी चार वर्षं थांबला होता. त्याच्याइतकं पाठांतर मठात कुणाचं नव्हतं, आणि हे तो कुणाला विसरूही देत नसे. मागल्या महिन्यात बिचाऱ्या मल्हारीनं पाणथरी उजवीकडे काढली, तर यानं त्याला पंगतीत बसणं नकोसं करून सोडलं. "काय मल्हारी, पाणथरी आज कुठल्या गावाला?"

बुवांनी यकृताच्या रेघेत एक बोट टेकवलं आणि दुसऱ्या बोटानं वर टकटक केलं.

रिकाम्या डब्यासारखं वाजलं.

डावीकडे जठरावर ठोकलं. रिकामं पोट, तरी तिथं भरीव.

"पोथीतलं शरीर झकास काढलंस," बुवा म्हणाले. "तुझं कुठंय?"

विसाजीचा हात उजव्या छातीवर गेला.

"बुवा, मी मरणार आहे."

"मरशील की. कधी?"

"थट्टा नाही, बुवा. तेरा दिवसांपूर्वी सराव करताना कळलं. माझं हृदय उजवीकडे धडधडतंय. यकृत डावीकडे गेलंय. पोथीत लिहिलंय, अवयवानं जागा सोडली की माणूस फार दिवस काढत नाही."

"म्हणून नवी घोंगडी मल्हारीला देऊन टाकलीस होय? तो घाबरून माझ्याकडे आला होता. म्हणाला, विसाजी माझ्याशी गोड बोलतोय, त्याला काहीतरी झालंय."

विसाजीला हसू आलं नाही. तेरा दिवस तो मरणाची वाट बघत होता. आईला काय सांगायचं, कोण सांगणार, याचाच विचार. खरं काढावं, तर स्वतःच्या मरणाचा निकाल स्वतःच्याच अंगावर लिहायचा आणि परवानगीही घालवायची. एवढं धाडस त्याला झालं नाही. त्यानं डोळे मिटून पोथीच उतरवली.

"आडवा हो," बुवा म्हणाले.

चटईवर निजवून त्यांनी त्याला सगळीकडून ठोकून पाहिलं. मग उजव्या छातीला कान लावला आणि तसेच राहिले.

...

"काल भाकऱ्या किती खाल्ल्यास?"

"तीन."

"वाट चुकल्या?"

"...नाही."

"खालच्या विहिरीवरून पाणी आणतोस. चढाला धाप लागते?"

"मल्हारीला लागते. मला नाही."

"चार वर्षांत माझ्याकडे कधी औषध मागितलंस?"

"नाही, बुवा."

"म्हणून मलाही कळलं नाही. बऱ्या माणसाला कोण ठोकून बघतंय?"

विसाजी उठून बसला. बुवांनी त्याचा हात धरून त्याच्याच पोटावर ठेवला.

"यकृताच्या शेजारी कोण?"

"जठर."

"जठराच्या कुशीला?"

"पाणथरी."

"कुणी शेजार सोडलाय?"

विसाजीचा हात पोटावरून हळूहळू फिरला, वर छातीपर्यंत गेला, पुन्हा खाली आला.

"नाही," तो म्हणाला. "सगळे आहेत. पण जागा सोडून..."

"सोडायला आधी तिथं असावं लागतं. तू आईच्या पोटातूनच असा आलास. लोकांच्या घराचं दार पूर्वेला, तुझ्या घराचं पश्चिमेला. आतली चूल चुलीजागी आहे."

"असं... असतं, बुवा?"

"एक म्हातारी बघितली होती तुझ्यासारखी. अकरा लेकरं. ऐंशीव्या वर्षी चिंचा काढायला झाडावर चढली आणि पडून गेली. दोष फांदीचा होता."

विसाजीनं श्वास सोडला. तेरा दिवसांचा कोंडलेला श्वास, तो सरता सरेना. मग एकदम हसू फुटलं आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. आपण जगणार. आईला काही सांगायचं नाही. त्याला कडकडून भूकसुद्धा लागली.

"मग परवानगी, बुवा?"

"दुसऱ्याच्या शरीरावर तुला कसली परवानगी? पूस ते. आणि काव धरायला मल्हारीला बोलाव."

विसाजीचा चेहरा पडला. मल्हारीच कशाला... पण बुवांपुढे बोलायची सोय नव्हती.

मल्हारी कावेची वाटी धरून उभा राहिला. विसाजी बोटानं ठोकत गेला, कान देऊन ऐकत गेला. या खेपेला रेघा वेड्यावाकड्या आल्या. हृदय उजवीकडे. यकृत डावीकडे. जठर उजवीकडे. पाणथरी उजव्या कुशीला.

मल्हारीनं तोंड उघडलं, बुवांकडे पाहिलं आणि मिटलं. पण त्याला राहवेना.

"उजवीकडे?"

"माझी उजवीकडे," विसाजी म्हणाला. "तुझी डावीकडेच आहे, तू चुकला होतास ते चुकलाच होतास." मग वाटीत बोट बुडवत म्हणाला, "पण मी तुला फार छळलं रे. चुकलो."

"घोंगडी परत मागणार का?"

"नाही, ठेव."

बुवांनी एकेक रेघ ठोकून पाहिली. भरीव तिथं भरीव वाजलं, पोकळ तिथं पोकळ. शेवटी उजव्या छातीवर तळवा ठेवला आणि काही न बोलता दोन्ही हात पसरले.

विसाजी पुढं झाला. बुवांनी त्याला छातीशी धरलं. ओली काव त्यांच्या पांढऱ्या उपरण्याला लागली.

इतर शिष्यांना धरत ते क्षणभर. आज बुवा सोडेनात.

"बुवा...?"

"थांब."

...

"काय झालं, बुवा?"

"आजवर इतक्या जणांना छातीशी धरलं, विसाजी," बुवा म्हणाले. "ठोक्यासमोर ठोका आज पहिल्यांदा आला."