हौदवाडीची सुतकी भिंत

हौदवाडीच्या तलावाच्या मधोमध एक लहानसा महाल आहे. त्याच्या तीन बाजू हिरवट निळ्या, फिरोजी फरशांनी मढवलेल्या आहेत. पश्चिमेची भिंत मात्र गर्द निळी, दिवस कलला की काळीच वाटावी अशी. तिच्यावर वेल नाही, फूल नाही, एक अक्षरही नाही. गाव तिला सुतकी भिंत म्हणतं. पाहुण्यांना नेमकी तीच आवडते. ते फोटोसाठी तिच्यापुढे हसत उभे राहिले, की महालाची राखण करणारे बाबूलालभाई पठाण हाक मारतात, "तिच्यापुढे नका हसू, बाबांनो. इकडे सावलीत बसा, सांगतो."

फार जुनी गोष्ट. इथे तेव्हा तलाव नव्हता, पाणीच नव्हतं. बायका दोन डोंगर ओलांडून पाणी आणत. ही जहागीर ख्वाजा नासिर नावाच्या इराणी सरदाराकडे होती. त्याला लेकीचं लग्न पाण्यातल्या महालात लावायची हौस होती. डोंगरातला झरा खापरी नळाने आणायचा, तलाव भरायचा आणि उरलेलं पाणी गावाच्या रानाला सोडायचं, असा त्याने शब्द दिला. पण अट अशी, की तलावाच्या कोरड्या पोटात महाल आधी पुरा व्हायला हवा. पाणी त्यानंतर.

महालाच्या फरशांसाठी सरदाराने इराणातल्या काशानहून उस्ताद बहरामला बोलावलं. माणूस उंच, अबोल. मातीच्या फरशीवर रंग चढवून ती भट्टीत भाजली, की तिच्यात आभाळ उतरे म्हणे. गावचा कोंडाजी कुंभार त्याची भट्टी सांभाळी. चार वर्षांत दोघं सख्ख्या भावांसारखे झाले. उस्ताद जेवायचा कोंडाजीच्या घरी आणि त्याच्या बायकोला, भागीला, वहिनी म्हणायचा.

उस्तादाची बायको माहरुख मागे काशानला राहिली होती. पुढच्या जहाजाने तिला आणवतो, असं सरदाराने कबूल केलं होतं. म्हणून उस्तादाने सगळा महाल फिरोजीत घ्यायचं ठरवलं. तो कोंडाजीला सांगे, "आमच्याकडे हा रंग शुभाचा. दारावर फिरोजी असला की नजर लागत नाही, गेलेलं माणूस सुखरूप घरी येतं." चौल बंदराकडून बैलगाड्या आल्या, की हातातलं काम टाकून तो पुढे जाई आणि विचारी, "चौलहून काही खबर?" गाडीवान म्हणत, "वारा उलटा आहे, उस्ताद. जहाज अडकलंय."

वारा उलटा नव्हता. जहाज कधीच लागलं होतं. माहरुख तापाने फणफणलेली उतरली आणि चौलातच गेली. तिथेच तिला माती दिली. गाडीवानांनी ही खबर आणली तेव्हा सरदाराने त्यांना आणि गावकऱ्यांना बोलावून एवढंच सांगितलं, "उस्तादाच्या कानावर गेलं तर तो काम टाकून जाईल. मग महाल नाही आणि पाणीही नाही."

गाव गप्प बसलं. कोंडाजीही गप्प बसला. उस्तादाच्या शेजारी बसून तो रोज जेवत होता, आणि उस्ताद विचारायचा तेव्हा, "येईल की, उस्ताद," असं म्हणत होता.

तीन भिंती झाल्या. एके सकाळी उस्ताद भागीकडे आला. चेहऱ्यावर कधी नव्हे तो उल्हास. वारा आता फिरला असेल, जहाज येईलच, असं त्याने मनाशी धरलं होतं. म्हणाला, "वहिनी, माझी खोली सारवून द्याल? ती आली की पहिल्यांदा जमीन बघेल. तिला स्वच्छतेचं फार वेड."

भागीने शेणाची पाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "नको सारवायला, भावजी," ती म्हणाली. "ती यायची नाही."

तिने सगळं सांगितलं.

"कधी झालं हे?" उस्तादाने विचारलं.

"सुगीच्या आधी."

सुगी होऊन किती दिवस लोटले होते! त्याने विचारलं, "कोणाकोणाला ठाऊक होतं?" "सगळ्या गावाला," भागी म्हणाली. त्याने अंगणापलीकडे पाहिलं. कोंडाजी भट्टीत लाकडं सारत होता. "त्यालाही?" भागीला हुंदका आवरला नाही. उत्तर त्यातच मिळालं.

त्या दिवसापासून उस्तादाने कोंडाजीच्या घरचा घास घेतला नाही. "पश्चिमेची भिंत मी एकटा करीन," एवढंच त्याने कळवलं. पश्चिमेला चौल, त्याच्यापुढे समुद्र आणि समुद्रापार काशान. स्वतः माती मळून, स्वतः भट्टी पेटवून त्याने ती भिंत मढवली. गर्द निळी फरशी पाहून गावाला वाटलं, वा, काय रंग साधलाय!

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड आलं. तेही इराणीच. पाणी अक्षता पडल्यावर सोडायचं होतं, म्हणून सगळे तलावाच्या कोरड्या तळातून चालत आले. महालाच्या पश्चिमेला वळताच नवरदेवाची आई थबकली. त्यांच्या मुलखात घरात मयत झालं की असा काळसर निळा कपडा अंगावर घेतात म्हणे. ती सरदाराला म्हणाली, "लग्नघराने सुतकाचा कपडा का घातलाय? कोण गेलं इथे?"

तेव्हा उस्ताद पुढे झाला. "माझी बायको गेली, बाईसाहेब. या सगळ्यांना ठाऊक होतं. मला सांगायचं राहून गेलं."

वाजंत्री थांबली. ती बाई सरदाराशी एक शब्द न बोलता उस्तादापाशी गेली आणि आपल्या भाषेत माहरुखसाठी दुवा मागू लागली. तिच्यामागे सारं वऱ्हाड उभं राहिलं. गाव दूर उभं होतं. पुढे यायचं तोंड कोणाला नव्हतं.

उस्ताद त्याच दिवशी चौलच्या वाटेला लागला. वेशीपर्यंत कोंडाजी मागे धावला. "गावाला पाणी हवं होतं, उस्ताद," तो कसाबसा म्हणाला.

उस्ताद थांबला. "मी काय पाणी अडवलं असतं? तू सांगितलं असतंस तर मी चौलला गेलो असतो, तिच्या कबरीवर रडलो असतो आणि परत येऊन महाल पुरा केला असता. तुझ्या लेकरांसाठी केला असता. तू मला एवढंही ओळखलं नाहीस, कोंडाजी."

एवढं बोलून तो गेला. पुन्हा कोणाला दिसला नाही. पाणी मात्र आलं. तलाव भरला, रानं हिरवी झाली. कोंडाजी त्या पाण्याची ओंजळ हातात घेई आणि तशीच सोडून देई, असं सांगतात. मरताना त्याने गावाकडून वचन घेतलं, की यापुढे हौदवाडीत मरणाची खबर कोणी कोणापासून लपवणार नाही. मंगलकार्य असलं तरी नाही.

आजही तसंच चालतं. इतर गावांत अशी खबर अक्षता पडेपर्यंत दाबून ठेवतात. हौदवाडीत तसं होत नाही. गेल्या वैशाखात सुताराच्या रंजनाचं लग्न होतं. अंतरपाट धरलेला असताना तिची आत्या गेल्याचा फोन आला. बाप मांडवात गेला, वाजंत्री थांबवली आणि लेकीला जवळ घेऊन सांगितलं. वराकडचे चिडले. "घटकाभर थांबला असतात तर काय बिघडलं असतं?" असंही कोणी म्हणालं. रंजना बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडली. मग पदराने डोळे पुसून पुन्हा पाटावर उभी राहिली आणि भटजींना म्हणाली, "म्हणा काका, पुढचं."