रायाजीने धरलेला सूर

नदीच्या वळणावर एक गाव होतं. तिथे रायाजी नावाचा सनईवाला राहायचा. भैरोबाच्या पालखीपुढे बारा वर्षं त्याचीच सनई वाजत आली होती. त्याचा धाकटा चुलतभाऊ भिवा शेजारी उभा राहून नुसता सूर धरायचा. सनईची रीतच तशी. एकाने चाल वाजवायची, दुसऱ्याने एकच सूर न तोडता धरून ठेवायचा. कौतुक होतं ते चाल वाजवणाऱ्याचं. सूर धरणाऱ्याकडे कोणी बघतसुद्धा नाही.

एकदा देवळात कीर्तनकार आले. त्यांनी कीर्तनात मुदिता हा शब्द समजावून सांगितला. मुदिता म्हणजे दुसऱ्याच्या आनंदात आपला आनंद. रायाजीला तो शब्द फार आवडला. कोणाची म्हैस व्याली, कोणाची सोयरीक जमली, की हा तिथे हजर. "मला मुदिता झाली," असं सांगायचा आणि खरवस खाऊन घरी यायचा. गावात जणू त्या शब्दाचा मालक तोच.

त्या साली जत्रेआधी पंचांनी दोघांना वाजवायला बसवलं. भिवाची बोटं हलकी, दमही मोठा. मानाचा शेला भिवाला मिळाला. यंदा चाल भिवाने वाजवायची आणि सूर रायाजीने धरायचा, असं ठरलं.

रायाजी घरी आला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. जेवला नाही. त्याची बायको सोना ताट झाकता झाकता म्हणाली, "आज नाही का झाली मुदिता?"

रायाजीने भिंतीकडेच तोंड ठेवून अंगावर घोंगडी ओढली.

जत्रेच्या दिवशी पालखी उठली. भिवाने पहिलीच तान अशी घेतली की म्हातारी माणसंही पुढे सरकली. रायाजीला ते बघवेना. त्याने ओठ जरासे सैल सोडले. सूर केसभर उतरला. हे कळायला त्याच कामातला कान लागतो. लोकांना वाटलं, भिवाच चुकतोय.

भिवाला मात्र कळलं. त्याने वळून पाहिलं नाही. आपली चाल त्याने उतरलेल्या सुराशी नेऊन जुळवली. रायाजीने सूर आणखी पाडला. भिवा तिथेही आला. तिसऱ्यांदा पाडला, तेव्हा मात्र चाल कुठेच बसेना. पालखीपुढे नाचणारी पोरं थांबली. पालखी वाहणाऱ्या भोयांचे पाय चुकायला लागले.

पाटील पुढे आले. "भिवा, शेला काढून ठेव. तुला झेपत नाही."

भिवाने खांद्यावरच्या शेल्याला हात घातला. भावाचं नाव काही त्याने घेतलं नाही.

या घडीला आपल्याला बरं वाटेल, असं रायाजीला वाटलं होतं. पण थांबलेली पोरं त्याच्याच तोंडाकडे बघत होती, आणि त्याला काही बरं वाटेना. त्याने सनई खाली घेतली.

"पाटील, तो चुकला नाही. सूर मी पाडला."

लोक वळून रायाजीकडे बघायला लागले. मग पाटलांनी विचारलं, आता सूर धरणार कोण?

"दादाच धरेल," भिवा म्हणाला. "ज्याला इतका मापात पाडता येतो, त्याला धरताही येतो."

लोक हसले. रायाजीलाही हसू आलं, आणि त्याने सूर धरला. देवळाच्या पायरीपर्यंत तुटू दिला नाही. ती चाल त्याने बारा वर्षं वाजवली होती, पण वाजवण्याच्या नादात कधी नीट ऐकली नव्हती. ती त्याने त्या दिवशी ऐकली.

घरी आल्यावर सोनाने विचारलं, कसं झालं?

"गाल दुखतायत," रायाजी म्हणाला. "जेवायला वाढ."

तात्पर्य: शेजाऱ्याच्या खरवसाला मुदिता कोणालाही होते. आपल्याला हवा असलेला मान दुसऱ्याला मिळाला, की त्याच्यामागे सूर न पाडता उभं राहावं. मुदिता या शब्दाचा खरा वापर तिथे असतो.