हेमलताचं पान

“पण माई, कुलूप तर कोणी तोडलंच नाही. मग माझं चुकलं कुठे?”

शार्दूल पुन्हा पुन्हा तेच विचारत होता.

एका हॉस्पिटलची वेबसाइट त्याने बनवली होती. पेशंटने लॉगिन करायचं आणि आपले रिपोर्ट घरबसल्या बघायचे. त्या कामाचा त्याला भारी अभिमान. इतकं होऊनही तो उतरला नव्हता.

इतकं म्हणजे हेमलता गेली होती. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून ती माईंच्या मठात लपून राहिली होती. हॉस्पिटलात तिने पत्ता मठाचा दिला. नवरा थेट इथे आला आणि विहिरीपाशी त्याने तिला मारून टाकलं.

“त्याला पत्ता कसा मिळाला?” माईंनी विचारलं.

“तोही तिथलाच पेशंट. स्वतःच्या पासवर्डने आत गेला. मग वरच्या लिंकमधला शेवटचा आकडा, म्हणजे पेशंटचा नंबर, बदलत बसला... आणि तिचं पान उघडलं.”

“तुझ्या साइटने अडवलं नाही?”

“कशाला अडवेल? त्याची ओळख पटली होती, माई. ओटीपीसुद्धा बरोबर टाकला होता त्याने.”



“साइट बंद केलीस?”

“चालूच आहे. बंद केली तर चूक कबूल केल्यासारखं होईल.”

माईंनी हात पुढे केला.

“तुझा मोबाइल दे. उघडून दे.”

त्याने दिला. माईंना नाही म्हणायची मठात कोणाची छाती नव्हती.

शेजारी दामूअण्णा वाती वळत बसले होते. मठाचे जुने कारभारी. शार्दूलला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. माईंनी मोबाइल त्यांच्या हातात ठेवला.

“अण्णा, यातलं हवं ते बघा. फोटो, निरोप, सगळं.”

अण्णांनी चष्मा लावला आणि खुशाल बोट फिरवायला सुरुवात केली.

“अहो, हे काय!” शार्दूल ताडकन उठला. मोबाइल त्याने हिसकावूनच घेतला.

“अरे, अण्णांना ओळखतोस ना तू?”

“ओळखतो म्हणून काय झालं? मोबाइल माझा आहे!”

माईंचे डोळे भरून आले.

“तू इथे होतास म्हणून ओरडलास, शार्दूल. तिच्या पानापाशी ओरडायला कोणाला ठेवलं होतंस?”