सोनाची डावी मूठ

एका गावात गिरजा नावाची बुरडीण राहत होती. बांबूची सुपं नि टोपल्या विणाव्यात तर तिनंच. तिला अडीच वर्षांची एक मुलगी होती, सोना. सोनाचा डावा हात जन्मापासून आखडलेला. मूठ सदा मिटलेली. लेकीला काही कमी पडू नये म्हणून गिरजा तिचं सगळं स्वतः करी. घास भरवी, पाण्याचं भांडं तोंडाला लावी, घरंगळलेला चेंडू आणून देई. “आई असावी तर अशी,” असं सारी गल्ली म्हणे.

एकदा नाना वैद्य सूप घ्यायला आले. त्यांनी सोनाला मांडीवर घेतलं, ती मूठ हलकेच उलगडून पाहिली आणि गिरजाला म्हणाले, “पोरी, हाताला काही झालेलं नाही. मेंदूचा हुकूम हातापर्यंत नीट पोचत नाही. या वयात मेंदूत वाटा पडत असतात. वापरली ती वाट रुळते, न वापरलेली बुजते. तू हिला हा हात वापरूच देत नाहीस.”

गिरजानं हातातलं सूप खाली ठेवलं. “मग करू तरी काय, नाना?”

“रोज सकाळी घटकाभर तिचा उजवा हात मऊ फडक्यानं बांध. आणि मग काही करू नकोस. तेच तुला जड जाईल.”

दुसऱ्या दिवशी गिरजानं हात बांधला आणि दहीभाताची ताटली पुढे ठेवली. सोनानं आईकडे बघून तोंड उघडलं. घास येईना, तेव्हा ती हमसून हमसून रडू लागली. नवरा महादू आतून धावत आला. “पोटची पोर आहे का वैरीण?” म्हणत त्यानं फडकं सोडून टाकलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधलेलं फडकं गिरजानं स्वतःच सोडलं आणि ती थेट वैद्यांकडे गेली.

“माझ्याच्यानं नाही होत, नाना. ती माझ्याकडे बघते हो!”

“मग तूही तिच्याकडे बघ. तिचं काम करू नकोस म्हटलं, तिला एकटी सोड असं कुठं म्हटलं?”

गिरजा घरी आली. सकाळी तिनं सोनाचा उजवा हात बांधला आणि दुसऱ्या फडक्यानं आपलाही. दोघी समोरासमोर बसल्या. डाव्या हातानं खाताना गिरजाचा भात नाकाला लागला, पदरावर सांडला. सोना रडायचं विसरून खदखदून हसली आणि तिनं आपली मूठ ताटलीत बुडवली.

असे कितीतरी दिवस गेले. कधी एक बोट सुटे, कधी सगळी पुन्हा मिटत. शेजारणी नाकं मुरडत. गिरजा कुणाशी वाद घालत बसली नाही. लेकीसमोर बसायचं मात्र तिनं एक दिवस चुकवलं नाही. पुढे महादूही शेजारी येऊन बसू लागला.

चैत्रात मारुतीच्या देवळात आरती चालली होती. गिरजा डोळे मिटून उभी होती. सगळ्यांच्या टाळ्या एका ठेक्यात पडत होत्या आणि तिच्या गुडघ्याशी एक बारीकशी टाळी ठेका चुकवून वाजत होती. तिनं खाली पाहिलं. सोनाचा डावा तळवा पुरता सरळ नव्हता, पण उघडा होता. गिरजाला पुढची आरती म्हणताच आली नाही.

तात्पर्य: लहान मुलाचा मेंदू त्याच्या स्वतःच्या धडपडीतून घडतो. ती धडपड आपण त्याच्यासाठी करू नये. मूल ती करत असताना त्याच्याजवळ बसावं.