मागे ठेवलेली राहुटी

वाळवंटाच्या काठावरच्या एका गावात एकदा एक वृद्ध तंबूवाला राहत असे. त्या वाळवंटाच्या पोटात, गावापासून उंटाच्या दिवसभराच्या वाटेवर, एका देवीची शिळा होती. वर्षातून एकदा, माघ महिन्यात, तिथे उत्सव भरे. एरवी त्या जागी चिटपाखरूही नसायचे. पण उत्सव आला की दूरदूरच्या वस्त्यांवरून माणसे येत, आणि त्यांच्या डोक्यावर छप्पर उभे करण्याचे काम या वृद्धाकडे असे. गावच्या कोठारातून राहुट्या काढायच्या, उंटांवर लादायच्या, देवीपाशी नेऊन ठोकायच्या, आणि उत्सव आटोपला की घड्या घालून पुन्हा कोठारात रचायच्या. सांगायला हे सोपे वाटते. उन्हाने कडक झालेल्या जाड कापडाची घडी ज्याने घातली असेल, त्याला विचारावे.

वृद्धाच्या हाताखाली एक शिष्य होता. चांगला मिशा फुटलेला, अंगापिंडाने दणकट गडी. हात चलाख, डोके तरतरीत, कमी होता तो फक्त धीर. आपल्या गुरूवर त्याचा जीव होता, परंतु गुरूची एक गोष्ट त्याला अजिबात पटत नसे.

उत्सव संपून सगळ्या राहुट्या उतरल्या, तरी वृद्ध एक राहुटी तशीच उभी ठेवी. काळ्या कापडाची, उंच टेकाडावरची. आत एक रांजण काठोकाठ भरून ठेवायचा, शेजारी पाणी प्यायला वाटी ठेवायची, दाराचे कापड वर बांधायचे आणि मग पाठ फिरवून चालू लागायचे. वर्षभर ती राहुटी तिथे वारा खात उभी असे. पुढच्या उत्सवाला तिच्या चिंध्या झालेल्या असत, आणि वृद्ध तितक्याच निगुतीने तिथे दुसरी ठोकी. कारण विचारले की म्हणे, "असू दे रे." एवढेच. या 'असू दे'ने शिष्याचे डोके उठायचे.

राहुट्या होत्या गावच्या शेठच्या. देवीच्या नावाने त्यानेच त्या करवून दिलेल्या, त्यामुळे पुण्य त्याचे आणि हिशेबीपणाही त्याचाच. त्या वर्षी निघण्याआधी त्याने शिष्याला एकट्याला बाजूला घेतले.

"दरवर्षी एक चांगली राहुटी वाळूत कुजायला सोडून येता. हा कसला कारभार?" शेठ म्हणाला. "म्हातारबाबांना मी काही बोलू शकत नाही. तू शहाणा आहेस. यंदा सगळ्या राहुट्या कोठारात आल्या, तर कोठाराची किल्ली तुझ्या हाती देतो. त्यांनी तरी कुठवर उंटांमागे फिरायचं?"

किल्ली! शिष्याला ती किल्ली किती दिवसांपासून हवी होती ते त्याचे त्यालाच ठाऊक. किल्ली हातात म्हणजे कारभार हातात. मग 'असू दे'चे दिवस संपले. तो काही वाईट माणूस नव्हता. आपण गुरूला फसवतो आहोत असेही त्याला वाटले नाही. आपण नीट आवरतो आहोत, इतकेच वाटले.

उत्सव छान झाला. ढोल वाजले, माणसे नाचली, जेवणावळी उठल्या, आणि मग जशी आली तशी ती चहूवाटांनी निघून गेली. भल्या पहाटे वृद्ध लादलेल्या उंटांचा तांडा घेऊन पुढे निघाला. शिष्य रिवाजाप्रमाणे मागे राहिला. वाळूत विसरलेली मेख पुढच्या वर्षी उंटाच्या पायात जाते. म्हणून तंबूवाल्यांपैकी एकाने शेवटी सबंध मैदान अनवाणी पायांनी चाचपून यायचे, अशी त्यांची रीत होती. या कामासाठी एक उंट आणि थोडे पाणी मागे ठेवत.

शिष्याने मैदान चाचपले. ऊन डोक्यावर आले होते. काल जिथे माणसांचा नुसता कालवा होता, तिथे आता आपल्याच पावलांचा आवाज त्याला मोठा वाटू लागला. तांडा दृष्टीआड झाल्याची खात्री करून तो टेकाडावर चढला आणि काळ्या राहुटीत शिरला.

आत गारवा होता. रांजण पहाटे त्याच्यादेखत काठोकाठ भरला होता. आता पाणी वीतभर खाली गेले होते. उन्हाने आटले असेल, असे म्हणून त्याने वाटी उचलली. वाटी ओली होती.

तो बाहेर आला आणि राहुटीभोवती फिरला. पहाटेची पावले वाऱ्याने पुसली होती, आणि वाळूवर त्याच्या स्वतःच्या आत्ताच्या पावलांखेरीज एकही पाऊल नव्हते. पुन्हा आत डोकावला. एका बाजूची वाळू दबलेली होती, कोणी बराच वेळ टेकून बसून नुकतेच उठावे तशी. "बाबाच बसले असतील," तो मोठ्याने म्हणाला. मोठ्याने का म्हणाला, ते त्याला कळले नाही. मग त्याने घाई केली. रांजणातले पाणी वाळूत ओतून दिले, रांजण आणि वाटी तिथेच सोडली. मेखा उपटल्या, खांब पाडला, आणि कापड गुंडाळून आवळून बांधले.

उंट उठेना. मारले, चुचकारले, शिव्या दिल्या, तेव्हा कसाबसा उठला. पण वाटभर मान वळवून मागे बघत राहिला. ऐन दुपारी, वाऱ्याची झुळूकही नसताना, शिष्याला पाठीमागून ताणलेल्या दोरांची घूं घूं ऐकू येत होती. उभ्या राहुटीचे दोर वाऱ्यात तसे वाजतात. बांधलेल्या बोचक्यातले दोर वाजत नाहीत. त्याने मान वळवून पाहिले नाही.

रात्री उशिरा तो गावात पोहोचला, तरी कोठारापाशी गडबड चालली होती. गडी बोचकी रचत होते, थरांमध्ये कडुनिंबाचा पाला घालत होते. त्या गर्दीत शिष्याने आपले बोचके आत नेले आणि पार मागच्या भिंतीला, इतर बोचक्यांच्या तळाशी दडपले. वृद्धाने कुलूप लावले.

"सगळं नीट आवरलंस ना?" त्याने विचारले.

"हो बाबा, सगळं," शिष्य म्हणाला.

सकाळी शेठ स्वतः कोठारापाशी हजर. सगळ्यांसमोर किल्ली देण्याचा त्याचा बेत होता. वृद्धाने कुलूप काढले, दार ओढले, आणि दाराला आतून टेकून उभे असलेले काळे बोचके धप्पकन तिघांच्या पायांशी पडले.

शिष्याने आत पाहिले. बोचक्यांची रास जशीच्या तशी होती. एक पानही हललेले नव्हते.

"उंदीर," शेठ म्हणाला. "उंदरांनी ढकललं असणार." असे म्हणताना तो दोन पावले मागे सरकला होता.

वृद्ध खाली बसला. त्याने कापडावर हात ठेवला आणि शिष्याचा हात ओढून तिथेच ठेवला. माघातली सकाळ, बोटे गारठलेली. आणि ते कापड उबदार होते. भर उन्हात उभे असल्यासारखे.

"ही कुठून आली?" वृद्धाने विचारले.

शिष्याला रडू फुटायचेच बाकी होते. "मी आणली, बाबा. पाणी ओतून दिलं आणि पाडली. किल्लीसाठी."

वृद्ध रागावला नाही. रागावला असता तर बरे झाले असते. त्याचा चेहरा एकदम उतरला आणि तो उभा राहिला. "वाटेवर कोणी असलं तर त्याचं काय झालं असेल?" तो म्हणाला. "शेठजी, मला तुमचे दोन चपळ उंट हवेत. आणि ही राहुटी परत न्यायला तुमची परवानगी."

"न्या, न्या," शेठ म्हणाला. "आत्ताच्या आत्ता न्या." किल्ली शिष्याला द्यायची होती, हे तोही विसरला आणि शिष्यही.

पाण्याच्या पखाली आणि ते बोचके घेऊन दोघे निघाले. आता उंटाला हाकावे लागले नाही. शिष्याच्या मनात सारखे एकच येत होते: कोणी नसू दे. देवी, तिथे कोणी नसू दे. एवढ्या मनापासून त्याने उभ्या उत्सवात देवीला काही मागितले नव्हते.

उन्हे कलताना टेकाड दिसले. राहुटी जिथे होती तिथे मेखांची भोके अजून बुजली नव्हती, आणि त्या भोकांनी आखलेल्या चौकोनाभोवती पावलेच पावले उमटली होती. कोणीतरी त्याच्या भोवती फिरफिर फिरले होते. पण एकही पाऊल चौकोनाची कड ओलांडून आत गेलेले नव्हते. फक्त जिथे दार होते, तिथून एक माग आत गेला होता. आणि त्या नसलेल्या दाराबाहेर जुन्या वहाणांचा जोड शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेला होता.

आत रिकाम्या रांजणापाशी एक म्हातारी बाई निजली होती. पदर तोंडावर ओढलेला, उशाला एक गाठोडे. तिच्या पलीकडची वाळू दबलेली होती.

शिष्य धावला. वृद्धाने तिचे डोके मांडीवर घेतले आणि ओल्या फडक्याने ओठ भिजवले. बराच वेळ काही घडले नाही. मग तिने डोळे उघडले.

"आलात का," ती म्हणाली. "तो म्हणतच होता, राहुटी येतेय परत."

"कोण म्हणत होतं, आजी?"

"हा काय, इथे बसला होता. मी चाचपडत दाराशी आले तर म्हणाला, ये आत, दोघांना जागा आहे. माझ्यापाशी घोटभरच पाणी उरलं होतं. मी प्यायला घेतलं की म्हणायचा, आत्ता नको, अजून थोडं थांब. त्याच्या सांगण्याने पुरवलं बाई. चेहरा नाही पाहिला मी, उन्हाने डोळे दिपले होते." मग ती शिष्याकडे वळली. "डोळ्यांचं काय झालंय कळेना. काल दुपारी लांबून काळी राहुटी स्वच्छ दिसत होती. तिच्याच रोखाने येत होते, आणि बघता बघता दिसेनाशी झाली. म्हटलं, गेले आपले डोळे."

शिष्याला पुढचे शब्द बोलणे मेखा उपटण्यापेक्षा जड गेले. "डोळे चांगले आहेत तुमचे, आजी. राहुटी मी पाडली."

म्हातारीने त्याच्याकडे पाहिले. मग पाण्याची वाटी त्याच्या हातून घेतली आणि हळूहळू प्यायली.

तिला सावलीला बसवून दोघे राहुटी उभी करू लागले. मेखेवर मोगरी घालता घालता शिष्याने दबक्या आवाजात विचारले, "बाबा, इथे कोण होतं?"

"मला ठाऊक नाही," वृद्ध म्हणाला. "मी कधी विचारलं नाही. कुठल्या तरी वर्षी ज्याला इथे राहुटी सापडली नाही, असा कोणी असेल. तो आपली जागा धरून बसतो, एवढं मला दिसतं. त्याचं सोड. मी राहुटी ठेवतो ती जिवंत माणसासाठी. आपले ढोल थांबले की आपल्याला वाटतं उत्सव संपला. जो अजून चालतोय त्याला ते कोण सांगणार? त्याच्यासाठी उत्सव पुढेच असतो. तू काल काम वाईट केलं नाहीस. घडी तर माझ्याहून नीट घातलीस. फक्त आवरायच्या आधी वाटेकडे एकदा बघायचं राहिलं. मी तुला हे कधी सांगितलं नाही, कारण मला वाटायचं, पाणी भरून ठेवताना हे आपोआप कळतं."

"कळायला हवं होतं," शिष्य म्हणाला.

राहुटी उभी राहिली. वारा पडलेला होता, तरी दोर एकदा हलकेच वाजले आणि शांत झाले. शिष्याने रांजण भरला. काल ज्या बाजूची वाळू दबलेली होती, तिथे त्याने पाय दिला नाही.

म्हातारीने तोवर गाठोडे सोडले होते. आत देवीला वाहायची लाल ओढणी होती. ती तिने झटकली, पुन्हा घडी केली आणि उतारावरून खाली पाहिले. खाली रिकामे मैदान, विझलेल्या चुली आणि शिळा.

"सोबतचे पुढे निघून आले," ती म्हणाली. "म्हणाले, तू ये मागून. पाय चालत नाहीत आता माझे, त्यात वाट चुकले." मग जरा घाबरत तिने विचारले, "उशीर झाला का रे मला?"

शिष्याने गुरूकडे पाहिले. वृद्ध दोराची गाठ बघत होता. त्याने मान वर केली नाही. उत्तर ज्याचे त्यानेच द्यायचे होते.

"नाही आजी," शिष्य म्हणाला, "तुमच्यासाठीच थांबलोय."

त्याने तिला पाठुंगळी घेतले आणि टेकाड उतरून शिळेपाशी नेले. तिने ओढणी वाहिली. ढोल नव्हता, म्हणून वृद्धाने रिकामी पखाल बडवली, आणि ज्याला कधी सुरात गाता आले नाही त्या शिष्याने देवीची आरती सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हटली. तो उत्सव पौर्णिमेला संपला असे गावात सगळे सांगतात. खरे तर तो त्या संध्याकाळी संपला.