हैबती आणि टीव्हीतले अप्पा

नदीकाठच्या एका गावात एक भोळा माणूस राहत होता. नाव हैबती. नाव मोठं दांडगं, पण कोंबडीनं डोळे वटारले तरी तो तिला वाट सोडायचा. मन लोण्यासारखं. फक्त कुणी काही सांगितलं, की तो अगदी तसंच करायचा, आणि नको तिथं करायचा.

त्याची बायको चांगुणा शहाणी होती. घरात एक जुना, मोठ्या पोटाचा टीव्ही होता. रोज संध्याकाळी त्यावर अप्पांची मालिका लागायची. अप्पा म्हणजे एक म्हातारे गृहस्थ. बायको वारलेली. दोन मुलगे, दोन सुना, घर भरलेलं, पण अप्पांशी कुणी धड बोलायचं नाही. बिचारे एकटेच ताटावर बसायचे आणि डोळे पुसायचे.

एके दिवशी अप्पा म्हणाले, "या घरात मला कुणी जेवलात का, असंसुद्धा विचारत नाही."

हैबतीनं हातातला घास खाली ठेवला. तो टीव्हीजवळ सरकला.

"अप्पा, जेवलात का?"

अप्पा नुसते रडले.

"बघ, उपाशीच आहेत," हैबती बायकोला म्हणाला. त्यानं आपलं ताट उचललं आणि टीव्हीपुढे मांडलं. मग चांगुणाच्या हातातला घासही काढून घेतला. "पाहुणा उपाशी असताना आपण कसं जेवायचं?"

मालिका संपली. अप्पा गेले. एक बाई आली आणि केस उडवत शांपूचं कौतुक करू लागली.

"बाई, सरका. अप्पांचं ताट आहे ते," हैबती म्हणाला. बाई काही सरकेना. तेवढ्यात मांजरानं पिठलं-भाकरी साफ केली.

चांगुणानं कपाळावर हात मारला. "अहो, ते खरे अप्पा नाहीत. ते काम करतात. म्हातारा माणूस रडताना दिसला, की टाळी वाजवायची आणि म्हणायचं, 'वा! काय काम करता!' एवढंच करायचं."

"एवढंच ना? करतो की."

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या आळीत शिदूनानांची बायको वारली. नाना अंगणात बसून ढसाढसा रडत होते. गाव खाली मान घालून उभं होतं. हैबती पुढे गेला. त्यानं कडकडून टाळी वाजवली.

"वा, नाना! काय काम करता! अगदी खरं वाटतंय!"

नानांच्या मुलानं त्याला वेशीपर्यंत पिटाळलं.

"अहो, असं कुणी बोलतं का?" चांगुणा म्हणाली. "अशा वेळी पाठीवरून हात फिरवायचा. म्हणायचं, 'गेलेलं माणूस परत येत नाही. आता तिची आशा सोडा.'"

"आधीच सांगायचं ना," हैबती म्हणाला.

आठवडाभरानं गावात सरपंचांच्या मुलीचं लग्न झालं. पाठवणीची वेळ. नवरी गाडीत बसली आणि सरपंचांना हुंदका फुटला. हैबती गर्दीतून वाट काढत आला. सरपंचांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "गेलेलं माणूस परत येत नाही. आता तिची आशा सोडा."

सनई बंद पडली. नवरीनं गाडीतच भोकाड पसरलं. आधी सरपंच धावले, मग वरबाप धावले, मग वाढपी हातात पळी घेऊन धावले.

हैबती घरी आला तेव्हा त्याच्या डोक्यावर मठ्ठा होता.

चांगुणानं तो पुसला. आता तिनं विचार करून सांगितलं. "हे बघा, तुम्ही बोलूच नका. खरा म्हातारा माणूस रडताना दिसला, की त्याचा हात धरायचा, घरी आणायचं आणि पोटभर जेवू घालायचं. त्यात काही बिघडायचं नाही."

आणि नेमकी त्याच महिन्यात अप्पांच्या मालिकेची माणसं शूटिंगला गावात आली.

घाटावर दिवे लागले, छत्र्या लागल्या. प्रसंग मोठा होता. घर सोडून आलेले अप्पा पायरीवर बसून रडणार, आणि दोन्ही मुलगे येऊन पाय धरणार. अप्पा रडू लागले. हैबती म्हशी धुवायला आला होता. त्यानं अप्पांना पाहिलं. जवळ जाऊन गालाला बोट लावलं. बोटाला पाणी लागलं. म्हणजे माणूस खरा.

त्यानं अप्पांचा हात धरला.

"अहो, सोडा! मी नट आहे!" अप्पा ओरडले.

हैबती मनात म्हणाला, नटलात छान, पण पोटात काय आहे? बोलला मात्र नाही. बोलायचं नाही असं ठरलं होतं. अप्पांना म्हशीवर बसवून तो निघाला.

"अप्पा! घरी चला!" म्हणत दोन्ही मुलगे मागून धावले. हैबतीला आठवलं, हेच ते, बापाशी न बोलणारे. त्यानं दोघांना एकेक करून नदीत ढकललं. छायाचित्रण करणारा गडबडीत त्यांच्यावर पडला.

घरी चांगुणा नव्हती. हैबतीनं स्वतः वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, ठेचा. अप्पा आधी रागावले. मग एक घास घेतला. मग दुसरा घेतला.

"मालिकेत रोज ताट पुढे येतं रे," भाकरी मोडत ते म्हणाले, "पण घास उचलला की 'कट' म्हणतात."

हैबतीनं मान हलवली आणि आणखी वाढलं. पाचव्या भाकरीला अप्पांनी पट्टा सैल केला आणि तिथंच बाजेवर आडवे झाले.

चांगुणा आली. बाजेवर बघून ती ओरडलीच. "अहो, हे तर टीव्हीतले अप्पा! तिकडं सगळे शोधत असतील! मी त्यांच्या माणसांना घेऊन येते. तोवर यांना जिथले तिथं ठेवायची तयारी करा!"

ती धावत गेली. हैबती विचार करत बसला. टीव्हीतले अप्पा. जिथले तिथं. मग उठून त्यानं पाना शोधला.

चांगुणा परतली. मागे दिग्दर्शक, ओले मुलगे आणि निम्मं गाव. सगळे दारातच थिजले. टीव्हीची पाठ काढलेली होती. आतल्या तारा, काचेची मोठी नळी, सगळं अंगणात पडलं होतं. अर्धवट झोपेतल्या अप्पांचा एक पाय गुडघ्यापर्यंत खोक्यात होता, आणि हैबती घामाघूम होऊन त्यांना खांदा लावत विनवत होता,

"जरा पोट आत घ्या, अप्पा! मालिका लागायची वेळ झाली, आणि तुम्ही अजून बाहेरच!"